धाग्याची खोटी साक्ष

घरसजावटीच्या महागड्या दुकानात थाई रेशमाचा नमुना पुढे करताना विक्रेता कापडावरून बोट फिरवतो, एखाद्या जाडसर धाग्यापाशी थांबतो आणि सांगतो, ‘ही हाताची खूण. यंत्राला हे जमत नाही.’ सजावटीच्या मासिकांनी आणि माहितीपत्रकांनी हा दावा इतक्या वेळा छापला आहे की तो आता कुणी तपासत नाही. धागा मध्येच फुगतो, मध्येच खंगतो, म्हणून कापड अस्सल. दोष हेच त्याचे सौंदर्य. ज्याला सफाई हवी त्याने गिरणीचे कापड घ्यावे. ऐकायला गोड आहे. पण हा दावा ढिसाळ तर आहेच, शिवाय तो नेमका उलटा आहे. जाडाबारीक धागा हाताचा पुरावा नाही. थाई रेशमात हाताचे कसब बहुतेक वेळा तो जाडाबारीकपणा आवरण्यातच खर्च होते. आणि या एका खुणेवर विसंबून पडदे-उशांची खरेदी करणारा सजावटकार ज्या कारागीर बाईच्या नावाने जास्त पैसे मोजतो, तिच्याच पोटावर पाय देतो.

आधी हा जाडसरपणा येतो कुठून ते पाहू. थायलंडच्या ईशान्येला इसान प्रदेशात खेडोपाडी जी देशी रेशीमअळी पाळतात, ती वर्षातून अनेक पिढ्या देते, उकाडा सोसते आणि लहानसा पिवळा कोष करते. चीन-जपानकडच्या सुधारित जातींच्या पांढऱ्या कोषातून हजार मीटरच्या वर सलग तंतू निघतो. या पिवळ्या कोषातून तीन-चारशे मीटर निघाला तरी पुष्कळ. तंतू लवकर संपतो, नवा जोडावा लागतो, आणि प्रत्येक जोडापाशी धागा फुगण्याचा धोका असतो. हे काम चुलीवरच्या मडक्यावर चालते. उकळीला आलेल्या पाण्यात कोष तरंगत असतात. बाई एका हातातल्या लाकडी काठीने ते दाबत, ढवळत राहते आणि दुसऱ्या हाताने तंतूंचा जुडगा मडक्यावरच्या छोट्या चाकावरून ओढून टोपलीत सोडते. किती कोष एका वेळी सुटत आहेत हे मोजत बसायला वेळ नसतो, ते बोटांना कळावे लागते. धागा पातळ लागला की नवे कोष पुढे ढकलायचे, जाड लागला की हात आवरायचा. कोषाच्या बाहेरच्या थरातून पहिल्यांदा येतो तो खरखरीत, गाठाळ धागा; त्याला ‘माई ल्यूप’ म्हणतात. तो संपला की आतला मऊ, बारीक तंतू लागतो. त्याचे नाव ‘माई नॉय’, आणि नॉय म्हणजे लहान. दोन्ही वेगवेगळे ठेवले जातात, आणि मान बारीक धाग्याला मिळतो. म्हणजे दुकानातल्या बोटाने जी गाठ ‘हाताची खूण’ म्हणून दाखवली, ती धागा काढणारीच्या लेखी एक तर कोषाची साल असते, नाही तर चुकलेला अंदाज.

दुसरी बाजू याहून वाईट आहे. गाठ हाताशिवायही येते, आणि अगदी सहज येते. दोन अळ्यांनी मिळून एकच कोष केला की दोन तंतू एकमेकांत गुंततात. त्यातून काढलेला धागा जागोजागी फुगलेलाच निघतो. बाजारात त्याला डुपियन म्हणतात. हा धागा यंत्रावर काढता येतो, यंत्रमागावर विणता येतो, आणि विणलाही जातो. बंगळुरूच्या आसपास सजावटीसाठी डुपियन विणले जाते ते हातमागावरही आणि यंत्रमागावरही, आणि नमुन्याच्या तुकड्यावरून दोहोंतला फरक सांगायला मुरलेला डोळा लागतो. पॉलिएस्टरचे काम तर आणखी सोपे. धागा सोडण्याचा वेग मध्येच बदलला की हवी तिथे हवी तेवढी गाठ पडते. पूर्वी अशा नकली कापडात गाठी ठरावीक अंतराने परत येत, त्यावरून चोरी उघडी पडे. संगणकाने तीही सोय काढून घेतली. कापडाचा धागा जाळून पाहण्याची जुनी परीक्षा आहेच: रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि चुरा होणारी राख उरते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. पण ही परीक्षा तंतू कशाचा एवढेच सांगते. तो तंतू मडक्यावर काढला की कारखान्यात, हे राख सांगत नाही. तेव्हा गाठ असली म्हणजे हात असेल असे नाही, नसली म्हणजे हात नसेल असेही नाही. अशा खुणेला पुरावा म्हणणे हे साक्षीदार बोलका आहे म्हणून त्याला खरा मानण्यासारखे आहे.

‘नसली म्हणजे’ हा भाग पोकळ तर्क वाटू नये म्हणून सुरिन प्रांतातल्या बान था सवांग या गावाचे उदाहरण घेऊ. तिथे राजदरबारी पद्धतीचे जरीचे रेशीम विणतात. ताण्याचे धागे नक्षीप्रमाणे उचलण्यासाठी एका मागावर १,४१६ पर्यंत दोऱ्यांच्या काड्या बांधलेल्या असतात. त्या इतक्या खाली लोंबतात की मागाखाली खड्डा खणून एक माणूस त्यात उभा करावा लागतो. चार-पाच जणांनी मिळून दिवसभर विणले की सहा-सात सेंटिमीटर कापड होते. २००३ साली बँकॉकमध्ये आशिया-पॅसिफिक देशांच्या नेत्यांची शिखर परिषद भरली, तेव्हा नेत्यांच्या अंगावरच्या सदऱ्यांचे कापड याच गावचे होते. इतका हात दुसऱ्या कुठल्या कापडात सापडेल? पण बोट फिरवून पाहा, एकही फुगीर धागा अडणार नाही, कारण असा धागा तिथे नक्षीचा घात करील. खोन केन प्रांतातल्या चोनबोतची ‘मुदमी’ घ्या. तिथे बाण्याचे धागे आधी दोऱ्यांनी बांधून रंगवतात आणि मग विणताना रंगाच्या जागा एकमेकींना भिडवून नक्षी उमटवतात. धागा जाडाबारीक असेल तर नक्षीची कड पसरते. कालासिनचे प्रैवा रेशीमही याच पंक्तीतले. थाई विणकरांनी स्वतःसाठी, सणासाठी, दरबारासाठी जे उत्तम विणले त्यात हाताची खूण पोतात नाही, रचनेत आहे. आपल्याकडे येवल्याच्या पैठणीची पारख करणारी बाई हे जाणून असते. ती पदरावर बोट फिरवत नाही, पदर उलटा करते. मोराची नक्षी मागूनही तितकीच नेटकी असेल तर हातमाग. मागे सुट्या धाग्यांचे जंगल किंवा कापलेली टोके असतील तर यंत्रमाग. तीच बाई बँकॉकहून उशांचे अभ्रे आणताना मात्र गाठी शोधते, कारण तिला तसे शिकवले गेले आहे.

कोणी शिकवले, याचा इतिहास गमतीचा आहे. १९०२ साली सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, सरकारने जपानहून तोयामा कामेतारो या रेशीमतज्ज्ञाला बोलावले. हेतू सरळ होता: सयामी रेशीम जाडेभरडे, विषम, म्हणून निर्यातीला निरुपयोगी, ते जपानीसारखे एकसारखे करायचे. तोयामाने सयामी आणि जपानी अळ्यांचे संकर केले, आणि त्यातून विज्ञानाला मोठा लाभ झाला. आनुवंशिकतेचे मेंडेलचे नियम रेशीमकिड्यालाही लागू पडतात हे त्याने १९०६ मध्ये दाखवून दिले. सयामच्या रेशमाचे मात्र फारसे काही बदलले नाही. दशकभरात तो सरकारी प्रयोग गुंडाळला गेला आणि इसानच्या घरांमधून तीच पिवळी अळी तुतीचा पाला खात राहिली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी गुप्तहेर खात्यातून जिम थॉम्पसन बँकॉकला आला. पेशाने वास्तुरचनाकार, डोळा रंगाचा. १९४७ मध्ये त्याने कापडाचे नमुने न्यूयॉर्कला नेऊन ‘व्होग’च्या संपादिकेला दाखवले. १९५१ मध्ये ‘द किंग अँड आय’ या संगीतिकेतल्या पोशाखांसाठी त्याचे रेशीम वापरले गेले आणि थाई रेशीम जगाला ठाऊक झाले. ज्या जाडाबारीकपणामुळे १९०२ मध्ये कापड निकृष्ट ठरले होते, त्याच जाडाबारीकपणामुळे पन्नास वर्षांनी ते चढ्या भावाने विकले जाऊ लागले. अळी तीच, मडके तेच. बदलला तो फक्त गिऱ्हाईक. मग या गुणाला विणकराची परंपरा म्हणायचे, की गिऱ्हाइकाची आवड?

थाई घराच्या परंपरेचा दाखला तर मुळीच देता येत नाही. जुन्या थाई घरात गादीच्या खुर्च्या नव्हत्या. माणसे लाकडी जमिनीवर चटई टाकून बसत आणि टेकायला त्रिकोणी तक्क्या असे, त्यात शेवरीचा कापूस आणि वर सुती ‘खित’ नक्षीचे कापड. रेशीम अंगावर नेसायचे होते, सणावाराला आणि देवळात जायला. त्याचे पडदे करणे, भिंती मढवणे, पलंगाच्या डोक्याशी गादीवर ताणणे हे सगळे विसाव्या शतकातले, मुख्यतः परदेशी गिऱ्हाइकांसाठी. त्यात गैर काही नाही. कापडाला नवे काम मिळाले तर आनंदच आहे. पण नव्या कामाला शतकानुशतकांचा वारसा चिकटवू नये. ‘अपूर्णतेचे सौंदर्य’ हा विचारही तिथला नाही. तो इंग्लंडमध्ये कलासमीक्षक रस्किनने १८५३ मध्ये गॉथिक वास्तुकलेच्या निमित्ताने मांडला आणि जपानमध्ये यानागी सोएत्सूने १९२०च्या दशकात लोककलेच्या चळवळीत निराळ्या वाटेने आणला. रस्किनचा मुद्दा कामगाराच्या स्वातंत्र्याचा होता: ज्याला स्वतःच्या डोक्याने काम करू दिले त्याच्या हातून खडबडीतपणा येणारच, आणि तो सोसला पाहिजे. माहितीपत्रकाने त्यातले स्वातंत्र्य गाळले आणि खडबडीतपणा तेवढा ठेवला. आता परदेशातल्या मागणीनुसार, ठरलेल्या रंगात, ठरलेल्या गाठींचे साधे थान विणणारा माणूस रस्किनच्या नावाने स्वतंत्र ठरतो!

यावर पहिला आक्षेप पोटाचा असतो, आणि तो हलका नाही. या आवडीनेच तर कामे मिळाली, असे म्हटले जाते. थॉम्पसनच्या घरासमोर, सेन सेप कालव्यापलीकडे बान क्रुआ ही चाम मुसलमान विणकरांची वस्ती आहे. सयामचा राजा पहिला राम याच्या काळात लढाईतल्या कामगिरीबद्दल त्यांना तिथे जमीन मिळाली असे सांगतात. युद्धानंतर तिथले माग थंडावले होते, ते थॉम्पसनच्या मागणीने पुन्हा चालू झाले. हे खरे आहे, आणि त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण पुढचेही पाहा. १९६७ मध्ये मलेशियातल्या कॅमेरॉन हायलंड्समध्ये तो नाहीसा झाला. कंपनीचे विणकाम कोराटजवळच्या पाक थोंग चायला एकवटले, आणि बान क्रुआत आज मोजकेच माग उरले आहेत. मागणी एका वस्तीला जगवते आणि सोडूनही देते. कापडाचा गुण दुसरीकडे तसाच मिळतो म्हटल्यावर तिला थांबायचे कारण राहत नाही. गाठीचे हेच आहे. गिऱ्हाईक गाठीला पैसे देत असेल तर विणकराला धागा कुठूनही आणता येतो. सजावटीच्या पुष्कळशा ‘हातमाग’ थाई रेशमात ताणा यंत्रावर काढलेला असतो, कधी परदेशातून आलेला. हाताने काढलेला असलाच तर तो बाणा. बाण्यातही डुपियन घातले की गिऱ्हाईक खूश. या साखळीतून सर्वांत आधी कोण गळते? मडक्यापाशी बसलेली बाई. माग हातानेच चालतो, पाटीवर ‘हातमाग’ खरेच लिहिलेले असते, आणि तिचा हात मात्र कापडातून निघून गेलेला असतो. गाठीच्या आवडीने विणकर जगतो हे अर्धे सत्य झाले. धागा काढणारी त्याच आवडीने बेकार होते हे उरलेले अर्धे.

दुसरा आक्षेप अधिक चलाख आहे. गाठ नको म्हणता, म्हणजे सफाई हवी. आणि सफाई तर यंत्राचेच बलस्थान. मग हाताची बाजू घेता घेता तुम्ही यंत्राच्याच मापाने मोजू लागलात. हे खरे ठरले असते, जर मी सफाईला पुरावा म्हटले असते. माझे म्हणणे असे की पोत, मग तो गाठाळ असो की गुळगुळीत, साक्ष द्यायला लायक नाही. माई नॉयने विणलेले साधे कापड उन्हाच्या तिरिपेत धरले तर ते यंत्राच्या कापडासारखे काचेरी दिसत नाही. धाग्याला पीळ कमी असतो, जाडी अगदी हळूहळू बदलत जाते, आणि उजेड त्यावर एकाच ठिकाणी न लकाकता पसरतो. हे सौंदर्य आहे. पण तेही मी पुरावा म्हणून मांडणार नाही, कारण उद्या त्याचीही नक्कल होईल. पुरावा साखळीत असतो: कोष कुठल्या अळीचा, धागा कोणी आणि कशावर काढला, ताणा कुठला, माग कुठला. थाई सरकारने हे ओळखले आहे. तिथल्या मोराच्या शिक्क्याच्या चार पायऱ्या आहेत. सोनेरी मोर मिळायला ताणा आणि बाणा दोन्ही देशी अळीचे, धागा हाताने काढलेला आणि विणकाम हातमागावरचे लागते. रुपेरी मोराला सुधारित जात आणि धागा काढायला छोटी मोटर चालते, पण विणकाम हाताचेच. निळा मोर म्हणजे शुद्ध रेशीम, थायलंडमध्ये झालेले, माग कुठलाही. हिरवा म्हणजे मिश्रण. या चारही पायऱ्यांत गाठींची मोजदाद नाही. ज्यांना आपले रेशीम ठाऊक आहे त्यांनी खूण निवडताना पोताकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि ज्यांना ठाऊक नाही ते पोतावरच हयात घालवतात. (मागाच्या बाबतीतही तिथे बारकावा आहे. धोटा हाताने फेकायचा माग वेगळा आणि दोरीला झटका देऊन धोटा पळवायचा ‘की क्रतुक’ वेगळा. क्रतुक म्हणजे झटकाच. दुसऱ्यावर पन्हा मोठा मिळतो, वेग मिळतो. दोन्ही हातमाग. दुकानात हा फरक कधी कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.)

तिसरा आक्षेप सजावटकारांचा खास. हॉटेलला पाचशे मीटर एकाच छटेचे कापड लागते, आणि हाताने काढलेल्या धाग्यात ते मिळणे कठीण. मग काय करायचे? करायचे हेच, की यंत्रावर काढलेल्या धाग्याचे कापड घ्यायचे, निळ्या मोराचे घ्यायचे, आणि तसे सांगायचे. त्यात कमीपणा काय? तक्रार यंत्रमागाविरुद्ध नाही, यंत्रमागाने हाताची भूमिका घेण्याविरुद्ध आहे. ज्याला फक्त दिसणे हवे, त्याने दिसण्याचेच पैसे द्यावेत.

शेवटी खोलीतल्या वापराचा प्रश्न येतो, आणि तिथे गाठीची आवड कापडाचेच नुकसान करते. सोफ्याच्या हातावर दिवसातून शंभरदा कोपर घासते. सपाट कापडात घासणे सगळ्या धाग्यांवर वाटले जाते. फुगीर धागा वर आलेला असतो, सगळा मार तोच खातो आणि पहिल्यांदा तोच पिंजतो. म्हणजे जिच्यासाठी कापड निवडले ती गाठच आधी मरते. तरी ‘जाड पोत म्हणजे टिकाऊ’ अशी समजूत करून देऊन हेच कापड बैठकीवर ताणले जाते. रेशमाचे दुसरे वैर उन्हाशी आहे. संग्रहालये जुनी रेशमी वस्त्रे पन्नास लक्सच्या मंद उजेडात ठेवतात ती उगाच नाही. उन्हात नुसता रंगच विटत नाही, तंतूही कुजतो. त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीला अस्तराशिवाय रेशमी पडदा लावणारा सजावटकार गिऱ्हाइकाला काही वर्षांत चिंध्या देणार, गाठी कितीही अस्सल असोत. उलट सुती अस्तर आणि मधे जाड थर घालून शिवलेला पडदा, आडबाजूची भिंत, पलंगाच्या डोक्याकडचा भाग, दिव्याचे कवच या जागा रेशमाच्या आहेत. तिथे त्याचा खरा गुण दिसतो, आणि तो गुण गाठीत नसून उजेडात आहे. तुतीच्या रेशमाच्या तंतूचा छेद साधारण त्रिकोणी असतो, त्यामुळे तो उजेड परतवतो. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घातला की पडद्याच्या प्रत्येक चुणीत रंग पालटतो. आपण त्याला धूपछाव म्हणतो. थॉम्पसनच्या गुलाबी-नारिंगी रेशमाने न्यूयॉर्कला वेड लावले ते बरेचसे यामुळे. आणि धूपछावीला जाड धागा साथ देत नाही. फुगलेल्या जागी एकच रंग वर येतो आणि लाट मोडते.

सजावटकाराच्या नमुना-पुस्तकात प्रत्येक तुकड्यामागे एक चिठ्ठी असते. बाणा देशी पिवळ्या कोषाचा, हाताने काढलेला, ताणा यंत्रावरचा, माग झटक्याचा, रंग रासायनिक, उन्हात लावू नये. एवढ्या नोंदी दोन बोटांच्या जागेत मावतात. सध्या त्या जागेवर छापलेले असते की धाग्यातील नैसर्गिक विषमता हा दोष नसून त्यासाठी माल परत घेतला जाणार नाही.